पेशीतली चाती

आमच्या शाळेत आठवड्यातून एक तास सूतकताईचा असे. गुरुजी प्रत्येकाच्या हातात एक टकळी आणि एक पेळू देत. माझं सूत कधी दोरीसारखं जाड निघायचं, कधी केसासारखं बारीक, आणि हातभर झालं न झालं की तुटायचं. वर्गाच्या कोपऱ्यात एक जुना चरखाही होता. त्याला गुरुजींशिवाय कुणी हात लावायचा नाही. चरख्याच्या ज्या लोखंडी, टोकदार सळईवर सूत गुंडाळलं जातं, तिला चाती म्हणतात, हे मला तिथं कळलं. सुतानं भरलेली चाती मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती दिसते. तो आकार डोळ्यांसमोर राहू द्या.

नांदेड-लातूरच्या माणसाला चाती नवी नाही. उदगीरला विणलेलं खादीचं कापड आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होणारा राष्ट्रध्वज ही आपल्या भागाची अभिमानाची गोष्ट आहे. त्याच्याही आधी नांदेड ओळखलं जायचं ते कापसामुळं आणि उस्मानशाही मिलमुळं. पण आज मी ज्या चातीबद्दल बोलणार आहे, ती खादी केंद्रात नाही आणि मिलमध्येही नव्हती. ती तुमच्या-माझ्या अंगात आहे. आपण हे वाचत असताना तिथं अशा कोट्यवधी चात्या तयार होत आहेत आणि काम संपलं की मोडत आहेत.

मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला. तरीही या विषयाच्या मागे लागलो, त्याला कारण माझी थोरली बहीण, आमची आपा. 1996 साली तिला लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला. उपचारासाठी तिला मोठ्या शहरात नेलं. आपा शिवणकाम करायची. ईदच्या आधी महिनाभर आमच्या घरातलं मशीन थांबत नसे. औषध सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात तिचे कमरेपर्यंतचे केस उशीवर राहू लागले. पुढं बोटांची टोकं बधिर झाली. सुईत दोरा ओवता येईना. तिला वाटलं, रोग वाढला आणि आपल्यापासून लपवतायत. चौथ्या वेळी ती औषध घ्यायलाच तयार होईना. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘औषधानं होतं असं.’ अम्मीनं पदर पसरला, तेव्हा कुठं ती तयार झाली. गाठीवरचं औषध केसांना का लागतं आणि शिवणाऱ्या बोटांना का लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्याचं उत्तर मला फार उशिरा पुस्तकांत सापडलं. आजचं बोलणं त्या उत्तराविषयी आहे.

माणसाचं शरीर पेशींचं बनलेलं असतं आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच होते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी ठासून सांगितली. पण एकाच्या दोन पेशी होतात कशा, हे नीट पाहिलं कुणी नव्हतं. अडचण अशी, की पेशी पाण्यासारखी पारदर्शक. भिंगाखाली ठेवली तरी आतलं दिसत नाही. ही अडचण सुटली ती कापडामुळं. 1856 नंतर युरोपात कापड रंगवायला कृत्रिम रंग आले. शास्त्रज्ञांनी तेच रंग पेशींवर वापरून पाहिले, तर पेशीच्या केंद्रातला काही भाग रंग गच्च धरून ठेवत होता.

जर्मनीतल्या कील शहरातल्या वॉल्टर फ्लेमिंग यांनी सॅलमँडर नावाच्या, दिसायला पालीसारख्या पण बेडकाच्या जवळच्या प्राण्याची पिल्लं घेतली. या प्राण्याच्या पेशी मोठ्या असतात. त्यांना दिसलं ते असं, की विभाजनाच्या आधी केंद्रातल्या द्रव्याचे स्पष्ट धागे होतात, प्रत्येक धागा उभा चिरलेला असतो, आणि त्याचे दोन भाग पेशीच्या दोन टोकांना जातात. 1882 साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. या साऱ्या प्रकाराला त्यांनी नाव दिलं ‘मायटोसिस’. ग्रीक भाषेत ‘मायटोस’ म्हणजे धागा. 1888 साली वॉल्डेयर यांनी त्या रंग धरणाऱ्या धाग्यांना ‘क्रोमोसोम’ म्हटलं. आपल्या मराठीनं त्याला ‘गुणसूत्र’ हा शब्द केला. सूत्र म्हणजे सूतच की!

गुणसूत्रांशिवाय आणखी एक गोष्ट तिथं दिसत होती. पेशीच्या दोन टोकांकडून निघून मधे फुगत गेलेला बारीक तंतूंचा एक गठ्ठा. आकार थेट भरलेल्या चातीचा. जर्मनांनी तिला आपल्या भाषेतलं चातीचंच नाव दिलं, आणि आपली पाठ्यपुस्तकं तिला ‘तर्कु’ म्हणतात. तर्कु हा चातीचाच संस्कृत शब्द. चातीच्या दोन्ही टोकांशी एकेक बारीक ठिपका असतो, जिथून तंतू फुटतात. थिओडोर बोव्हेरी यांनी घोड्याच्या पोटातल्या जंताच्या अंड्यांचा अभ्यास करून त्या ठिपक्याला 1888 साली ‘सेंट्रोसोम’ म्हटलं. वनस्पतींच्या पेशींत बहुधा हा ठिपका नसतो. पण चाती मात्र असतेच. कापसाच्या बोंडात, ज्वारीच्या कोंबात, सगळीकडं.

या चातीचं काम काय? वाटणी करणं. आपल्याकडं शेताच्या वाटणीची काय गत होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकाला विहीर जाते, दुसऱ्याला माळ, आणि बांधावरून पुढच्या दोन पिढ्या कोर्टात. पेशीची रीत वेगळी. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात. वाटणीच्या आधीच पेशी प्रत्येकाची हुबेहूब नक्कल करते आणि मूळ व नक्कल एकमेकांना चिकटवून ठेवते. मग चातीचे तंतू येतात. जोडीतल्या एकाला एका टोकाचा तंतू धरतो, दुसऱ्याला दुसऱ्या टोकाचा. दोन्हीकडून सारखा ताण बसला की जोड्या पेशीच्या मधोमध रांगेत उभ्या राहतात. मग सगळ्या जोड्या एकदमच सुटतात आणि आपापल्या टोकाकडं ओढल्या जातात. शेवटी पेशीच्या कमरेभोवती आतून एक कडं आवळलं जातं, पायजम्याची नाडी ओढावी तसं, आणि एकाच्या दोन होतात. झाडाच्या पेशीत नाडी नसते. तिथं मधे नवी भिंत उभी राहते.

यातला एक भाग मला सगळ्यांत जवळचा वाटतो. 46 जोड्यांपैकी एखादीच जोडी तंतूला बांधायची राहिली असेल, तर उरलेल्या 45 थांबतात. ती बांधली जाईपर्यंत पेशी पुढचं पाऊल टाकत नाही. 1990 नंतरच्या दशकात या थांबण्यामागची जनुकं आणि प्रथिनं सापडली. तरी कधी कधी चूक होतेच. 1959 साली पॅरिसमध्ये दिसून आलं, की डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत 46 ऐवजी 47 गुणसूत्रं असतात. आई-बापाच्या बीजपेशी तयार होताना वाटणीत एक गुणसूत्र चुकीच्या बाजूला गेलेलं असतं. इतक्याशा चुकीचा परिणाम आयुष्यभर राहतो. म्हणून तर ते थांबणं.

मोठी गंमत अशी, की ही चाती खरी आहे की नाही, यावरच अनेक वर्षं वाद चालला. रंगवण्यासाठी पेशी आधी मारावी लागे. त्यामुळं काहींचं म्हणणं, की हे तंतू म्हणजे औषधानं पेशी आकसल्यावर पडलेल्या सुरकुत्या आहेत, जिवंत पेशीत असलं काही नसतं. वाद मिटवला तो शिन्या इनोउए या जपानी तरुणानं. त्याचं पहिलं यंत्र युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानात जुळवलेलं होतं. बैठक टाकाऊ मशिनगनची आणि दिव्याला आडोसा चहाच्या डब्याचा. पुढं अमेरिकेत त्यानं आणखी चांगलं यंत्र केलं. विशिष्ट प्रकारच्या प्रकाशात, कुठलाही रंग न घालता, 1953 पर्यंत त्यानं जिवंत पेशीतले तंतू जगाला दाखवले. ते तयार होताना आणि विरताना दिसत होते.

आता थोडं आपल्या गावाकडं येऊ. माझे दादा म्हणजे आजोबा इतवारा भागात एका हकिमांच्या दवाखान्यात पुड्या बांधायचे. स्वतः हकीम नव्हते, पण बरण्यांवरची नावं त्यांना पाठ होती. त्यांतली एक बरणी सुरंजानची. सांधे धरले, पायाचा अंगठा सुजून लाल झाला, की सुरंजान. आजही युनानी दुकानात माजून-ए-सुरंजान मिळतं. इब्न सिना यांच्या ग्रंथात सुरंजान आहे, म्हणजे हजार वर्षांची ओळख. दादा सांगायचे, की कडू सुरंजान मोजताना हात हलला तर रोग्याला ढाळ-वांती लागते आणि जीवावर बेततं. परिणाम ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हतं.

सुरंजानच्या कुळातल्या कंदातलं मुख्य द्रव्य 1820 साली फ्रान्समध्ये वेगळं काढलं गेलं. त्याचं नाव कोल्चिसीन. 1934 साली ब्रुसेल्समध्ये ए. पी. डस्टिन यांनी ते उंदरांना टोचलं आणि त्यांच्या पेशी भिंगाखाली पाहिल्या, तर जिकडंतिकडं विभाजनाच्या मधेच अडकलेल्या पेशी! गुणसूत्रं तयार, जोड्या तयार, आणि ओढून न्यायला तंतूच नाहीत. कोल्चिसीननं चाती नाहीशी केली होती. सांधेदुखीवरची पुडी पेशीच्या चातीपर्यंत जाते, हे माणसाला तेव्हा कळलं.

या विषाचा शास्त्रज्ञांनी पुढं मोठा उपयोग केला. पेशी मधेच थांबली की गुणसूत्रं मोजायला सोपी जातात. तोवर माणसाची गुणसूत्रं 48 आहेत असं सगळे शिकवत होते. 1955 च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंड इथं, जावा बेटावर जन्मलेल्या जो हिन त्जिओ यांनी कोल्चिसीन आणि इतर युक्त्या वापरून मोजली, तर ती 46 भरली. त्यांचा आणि अल्बर्ट लेव्हान यांचा निबंध 1956 साली निघाला. त्याआधी तीस-बत्तीस वर्षं आख्खं जग दोन जास्त मोजत होतं.

हेच विष आपल्या बांधावरही आहे. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या, वर वळलेल्या पाकळ्यांची फुलं दिसतात ना, ती कळलावी. काही जण तिला खड्यानाग म्हणतात. बाळंतपणाच्या कळा आणण्यासाठी पूर्वी वापरायचे, म्हणून ते नाव. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. हा कंद रताळं किंवा कोनफळ समजून खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. जी वाचतात, त्यांचे केस आठ-पंधरा दिवसांनी झडतात. केस झडतात हे वाचलं आणि मी थांबलो. आपाची उशी आठवली.

पण त्याआधी आपल्या कापसाचं सांगतो. निजामाच्या काळापासून परभणी-नांदेडकडं गावरानी कापसावर संशोधन होत आलं आहे. गावरानी हा देशी कापूस. पाण्याचा ताण सोसणारा. अमेरिकन कापसाचं बोंड मोठं आणि धागा सहसा लांब. मग दोघांचा संकर करून दोन्ही गुण एकत्र का आणू नयेत? शेतकऱ्याला सहज सुचणारी गोष्ट. पण देशी कापसात गुणसूत्रं 26 आणि अमेरिकनात 52. दोघांची निम्मी-निम्मी येऊन संकराच्या झाडात होतात 39. झाड वाढतं, फुलतंही. पण बीज तयार होताना गुणसूत्रांना आपला जोडीदार शोधावा लागतो, आणि 13 गुणसूत्रांना जोडीदारच नसतो. चाती त्यांना वाटेल तशी ओढते. वाटणी बिघडते आणि झाड वांझ राहतं.

उपाय सापडला तो कोल्चिसीनमध्येच. 1937 साली अमेरिकेत ब्लेकस्ली आणि ॲव्हरी यांनी दाखवलं, की कोल्चिसीन लावून चाती मोडली तर गुणसूत्रं दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. दुप्पट झाली की प्रत्येकाला जोडीदार मिळतो. या रीतीनं टेक्सासच्या जे. ओ. बीसली यांनी 1940 साली आपल्याकडच्या देशी जातीचा कापूस आणि अमेरिकेतला एक रानटी कापूस यांच्या वांझ संकराला सुपीक केलं. 52 गुणसूत्रांचा अमेरिकन कापूस असाच दोन कुळांच्या मिलनातून झाला असावा, याचा तो मोठा पुरावा ठरला. गावरानीच्या कुळाचे दूरचे आप्त समुद्रापलीकडच्या कापसात आधीपासून बसलेले होते, असं म्हणायला हरकत नाही.

1980 च्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून ‘नांदेड-44’ हा संकरित वाण निघाला आणि राज्याबाहेरही गाजला. त्याचे आई-बाप दोन्ही अमेरिकन, दोन्ही 52 गुणसूत्रांचे, म्हणून अडचण आली नाही. तरी त्याची सरकी राखून पुढच्या साली पेरली तर झाडं सारखी येत नाहीत, कारण बीज तयार होताना आईकडचं कुठलं आणि बापाकडचं कुठलं गुणसूत्र कुठल्या टोकाला जाईल, याचा नेम नसतो. दर जूनमध्ये शेतकरी बियाण्याच्या रांगेत उभा राहतो, त्यामागं बाजार आहे तशी ही चातीही आहे.

या अभ्यासात एक मराठी नाव आदरानं घ्यावं असं आहे, डॉ. कमल रणदिवे यांचं. माहेरच्या त्या समर्थ. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात 1943 साली त्यांनी एम.एस्सी. केली, तेव्हा अभ्यासाचा विषय होता सीताफळाच्या कुळाची गुणसूत्रं. बालाघाटच्या डोंगरात, धारूरकडं, कातळावर उगवणारं आपलं सीताफळ! पुढं त्या मुंबईत कर्करोगाच्या संशोधनाकडं वळल्या, डॉ. व्ही. आर. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 साली पीएच.डी. झाल्या, आणि देशातली पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभारली. ऊतिसंवर्धन म्हणजे शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवणं आणि त्यांना वाढताना पाहणं. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळालं, 2001 साली त्या गेल्या. सीताफळाची गुणसूत्रं मोजणारी बाई कर्करोगाकडं वळली, यात मला नवल वाटत नाही. कर्करोग म्हणजे तरी काय? थांबायचं विसरलेलं विभाजन.

आणि म्हणूनच त्याच्यावरचं एक औषध चातीवर घाव घालतं. 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर एका झाडाच्या पानांवर काम करत होते. पानं जमैकाहून आली होती. तिथले लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत. मधुमेहावर काही उपयोग दिसेना, पण जनावरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं कमी झाल्या. मग रक्ताच्या कर्करोगावर हे चालेल का, असा विचार आला. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन ही औषधं निघाली. व्हिनक्रिस्टिन 1963 पासून वापरात आहे. ते झाड म्हणजे आपली सदाफुली. आमच्या अंगणात हौदाच्या कडेला ती बाराही महिने फुललेली असायची, आणि तिला पाणी घालायची आपाच.

1967 साली शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी कोल्चिसीन पेशीत नेमकं कशाला चिकटतं, ते शोधून काढलं. ते एक प्रथिन निघालं. त्याला पुढं ट्युब्युलिन नाव मिळालं. याच प्रथिनाचे मणी एकावर एक रचून पोकळ नळ्या होतात आणि त्या नळ्या म्हणजेच चातीचे तंतू. जाडी मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढी. व्हिनक्रिस्टिन याच मण्यांना धरून ठेवतं आणि नळी रचूच देत नाही. चाती उभी राहिली नाही की पेशी वाटणीच्या दारात अडकते आणि बहुधा मरते. ज्या पेशी भराभर दुभंगतात, त्यांना घाव जास्त बसतो. गाठीतल्या पेशी तशा असतात. पण केसाच्या मुळातल्या पेशीही तशाच असतात. औषधाला आपलं आणि परकं कळत नाही. आपाचे केस गेले ते रोग वाढला म्हणून नव्हे. औषध आपलं काम करत होतं.

आणि बोटं? तिथं पेशी दुभंगत नाहीत. पण कण्यापासून बोटाच्या टोकापर्यंत जाणारी मज्जातंतूची जी लांब तार असते, तिच्या आत याच नळ्यांचे रूळ टाकलेले असतात. त्यांवरून सामान टोकापर्यंत पोचतं. औषध त्या रुळांनाही धक्का देतं. तार जितकी लांब, तितका टोकाला त्रास अधिक. म्हणून हाताची बोटं, पायाची बोटं आधी बधिर होतात.

आपा बरी झाली. केस परत आले, आधी कुरळे, मग सरळ. बोटांत जाण यायला दोन वर्षं लागली. आज ती नातवंडांत रमलेली आहे, फक्त सुईत दोरा नातीकडून ओवून घेते. हे सगळं वाचून झाल्यावर एका संध्याकाळी मी तिच्याकडं गेलो आणि टकळीपासून सुरुवात करून सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, ‘ये बात तब्बीच कोई बोलता तो मैं रोतीच नई थी रे.’

तिचं ते वाक्य मी डॉक्टर मंडळींसाठी इथं ठेवतो. वॉर्डात गर्दी किती असते, मला माहीत आहे. पण ‘औषधानं होतं असं’ याच्या पुढं दोन वाक्यं आणखी सांगता येतील, आणि ती रोग्याच्या भाषेत सांगता येतील. चाती सगळ्यांना कळते. श्रोत्यांना एकच विनंती. हे ऐकून कुणी सदाफुलीची पानं उकळून पिऊ नका आणि कळलावीला हात लावू नका. शेकडो किलो पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं आणि त्याचं माप चुकलं तर माणूस जातो. माझ्या दादांनी आयुष्यभर पुड्या बांधताना हीच एक काळजी घेतली होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)